हद्दपाराने वसविलेले गाव

सन १६३६ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सेलम या गावातून एक तरुण धर्मोपदेशक बर्फातून वाट काढीत एकटेच निघाले. घरी पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. धाकटी अवघ्या तीन महिन्यांची होती. तिचे नाव त्यांनी फ्रीबॉर्न, म्हणजे 'जन्मतः स्वतंत्र', असे ठेविले होते. त्यांना पकडून इंग्लंडच्या जहाजावर चढविण्यासाठी सरकारी माणसे निघाली होती. परंतु ती घरी पोहोचली तेव्हा पक्षी उडून गेलेला होता. या गृहस्थांनी चोरी केली नव्हती की कोणाचा घात केला नव्हता. त्यांचा अपराध एवढाच की, त्यांची मते राज्यकर्त्यांना मानवली नव्हती. त्यांचे नाव रॉजर विल्यम्स.

नवलाची गोष्ट ही की, त्यांना घालवून देणारे लोक स्वतःच धर्माच्या कारणाने मायदेश सोडून आलेले होते!

धर्मासाठी सोडलेले घर

त्या काळी इंग्लंडात राजा हाच राष्ट्रीय चर्चचा प्रमुख होता. ठरलेल्या उपासनेस गैरहजर राहणे हा गुन्हा समजला जाई. ज्यांना ही उपासना अशुद्ध वाटे, त्यांतील काहींनी प्रथम हॉलंडमधील लायडन शहराचा आश्रय घेतला आणि तेथूनही अमेरिकेची वाट धरली. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी निघाले. त्यांत हे लोक होते, तसे इतरही होते. त्यांनी प्लिमथ येथे वसाहत केली. पहिल्या हिवाळ्यातच त्यांतील सुमारे निम्मे दगावले. उरलेल्यांना मक्याची लागवड शिकविली ती तेथील मूळ रहिवाशांनी.

१६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली प्युरिटन पंथीयांचा मोठा तांडा आला आणि बॉस्टन वसले. पुढील दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे या किनाऱ्यावर उतरली. ती बहुधा कुटुंबेच्या कुटुंबे होती. गावाच्या मध्यभागी प्रार्थनेचे व सभेचे एकच घर, भोवती राहती घरे, सामाईक कुरण आणि कुटुंबागणिक वाटून दिलेली शेते, अशी त्यांची वस्ती असे. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे हा त्यांचा कटाक्ष असल्यामुळे शिक्षणाची त्यांना विलक्षण आस्था होती. हार्वर्ड विद्यालयाची स्थापना १६३६ मध्येच झाली. १६४७ च्या कायद्याने तर पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावावर मुलांना लिहावाचावयास शिकविणारा शिक्षक नेमण्याची जबाबदारी टाकली.

असे हे कष्टाळू, निर्व्यसनी आणि विद्याप्रिय लोक होते. पण त्यांना हवे असलेले स्वातंत्र्य स्वतःच्या उपासनेपुरतेच होते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३१ पासून मताधिकार केवळ चर्चच्या सभासदांना होता. उपासनेस हजर राहणे मात्र सर्वांवर बंधनकारक होते. गावात एकच धर्ममत नांदले नाही तर ईश्वराचा कोप होईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रामाणिक समजुतीतूनही केवढा अन्याय घडू शकतो, ते पुढे दिसून आले.

विल्यम्स यांची मते

रॉजर विल्यम्स १६३१ मध्ये बॉस्टनला आले. ते स्वतः कडवे प्युरिटन होते. परंतु दंडाधिकाऱ्याने चोराला शिक्षा करावी, ईश्वरभक्तीत चुकणाऱ्याला नव्हे, असे ते सांगू लागले. सक्तीची प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. शिवाय ही भूमी मूळ रहिवाशांची आहे; त्यांच्याकडून विकत घेतल्याखेरीज ती देऊन टाकण्याचा इंग्लंडच्या राजाला काय अधिकार, असाही प्रश्न त्यांनी विचारला. १६३५ च्या ऑक्टोबरात त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली.

त्या हिवाळ्यात त्यांना आश्रय मिळाला तो वाम्पानोआग लोकांचा. वसंत ऋतूत त्यांनी सीकाँक नदीच्या काठी पेरणी केली. पण ती जागा प्लिमथच्या हद्दीत येते असा निरोप आल्यावर ते नदी ओलांडून पलीकडे गेले. नॅरागॅन्सेट जमातीचे नायक कॅनॉनिकस व मिआँटोनोमी यांच्याशी त्यांचा स्नेह होता. त्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी गाव वसविले आणि त्याला 'प्रॉव्हिडन्स', म्हणजे ईश्वरी कृपा, असे नाव दिले. तेथे बहुमताचा निर्णय केवळ ऐहिक व्यवहारांपुरता बंधनकारक राहील, असे ठरले. या शेजाऱ्यांची भाषा ते इतक्या आस्थेने शिकले की, १६४३ मध्ये तिच्यावर त्यांनी एक ग्रंथच प्रसिद्ध केला.

दोन स्त्रिया

प्रॉव्हिडन्सच्या आसपास हळूहळू इतरही निर्वासित येऊ लागले. त्यांत ॲन हचिन्सन ही स्त्री होती. बॉस्टनमध्ये आपल्या घरी स्त्रीपुरुषांना जमवून ती धर्मोपदेशकांच्या प्रवचनांची चर्चा करी. १६३७ मध्ये तिच्यावर खटला झाला आणि पुढील वर्षी तिला बहिष्कृत करण्यात आले. ती सभागृहातून बाहेर पडू लागली तेव्हा मेरी डायर ही तिची मैत्रीण उठून सर्वांदेखत तिच्याबरोबर निघाली.

मेरी डायर पुढे क्वेकर पंथाची झाली. हद्दपार केलेला क्वेकर परत आल्यास त्याला देहान्त शिक्षा द्यावी, असा कायदा बॉस्टनने १६५८ मध्ये केला होता. १६५९ मध्ये मेरीच्या दोघा सोबत्यांना फाशी देण्यात आले. तिला मात्र वधस्तंभापाशी नेऊन ऐन वेळी सोडण्यात आले. तरीही तो कायदा मोडण्यासाठी ती मुद्दाम परतली आणि १ जून १६६० रोजी तिला फाशी झाली.

ऱ्होड आयलंडमध्ये चित्र वेगळे होते. क्वेकरांना हाकलून द्या, असा आग्रह शेजारच्या वसाहतींनी १६५७ मध्येच धरला होता. कोणी ईश्वराविषयी काय बोलतो यासाठी शिक्षा करणारा कायदाच आमच्याकडे नाही, असे उत्तर तेथून गेले. शिवाय जेथे या लोकांना मोकळेपणाने बोलू दिले जाते, तेथे येण्याची त्यांना फारशी हौस नसते, अशी कोपरखळीही त्यात होती!

मग अशा ठिकाणी शिस्त कशी राहावी? १६५५ मध्ये गावकऱ्यांना लिहिलेल्या पत्रात विल्यम्स यांनी जहाजाचा दृष्टान्त दिला. एकाच जहाजात कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी व मुसलमान प्रवासी आहेत. त्यांच्यापैकी कोणावरही जहाजावरील प्रार्थनेची सक्ती नको आणि कोणालाही स्वतःच्या प्रार्थनेची बंदी नको. परंतु जहाजाची दिशा ठरविणे, शांतता राखणे आणि भाड्याचे पैसे घेणे हा कप्तानाचा अधिकार सर्वांनीच मानला पाहिजे. १६६३ च्या राजसनदेने ऱ्होड आयलंडच्या रहिवाशांना धर्ममताचे स्वातंत्र्य लेखी मिळाले. या वसाहतीतील न्यूपोर्ट येथे १७६३ मध्ये उभे राहिलेले यहुदी प्रार्थनामंदिर आजही पाहावयास मिळते.

उजेड आणि छाया

या वसाहतीलाही डाग होतेच. गुलामगिरीची मुदत दहा वर्षांपुरती मर्यादित करणारा १६५२ चा कायदा कागदावरच राहिला आणि अठराव्या शतकात न्यूपोर्ट हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर बनले. १६७५-७६ च्या युद्धात विल्यम्स यांचे आश्रयदाते नॅरागॅन्सेट लोक इंग्रजांच्या शस्त्रांनी उद्ध्वस्त झाले आणि प्रॉव्हिडन्सही जळाले. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चला मिळणारा सरकारी आधार संपावयास तर १८३३ साल उजाडावे लागले.

विल्यम्स यांच्या उतारवयातील एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतो. क्वेकरांची मते त्यांना मुळीच पटत नसत. १६७२ मध्ये सुमारे सत्तरीच्या घरातील हा वृद्ध स्वतः होडी वल्हवीत प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टला गेला आणि तेथे कित्येक दिवस त्याने क्वेकरांशी हिरिरीने वाद घातला. कोणाचेच मतपरिवर्तन झाले नाही. वाद संपल्यावर विल्यम्स आपल्या गावी परतले आणि क्वेकर न्यूपोर्टमध्ये आपापल्या घरी सुखाने राहिले.