अठरा दिवसांत अडकलेला समज

हृदयारोपण म्हटलं की अनेकांच्या मनात अजून 1967 सालच असतं. त्या 3 डिसेंबरला केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की या किराणा दुकानदारावर जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं. अठराव्या दिवशी वॉशकान्स्की न्यूमोनियाने गेले. ‘हृदय बदललं तरी चार दिवसांचाच सोबती’ हा समज तिथला.

पण त्यांना दगा हृदयाने दिला नव्हता. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्तीच मोडून पडली होती. मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये आरोपण केलं. तो रुग्ण तर काही तासच जगला. जगभर बहुतेकांनी नाद सोडला. स्टॅनफर्डचे डॉ. नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने लागून राहिले. 1983 मध्ये अमेरिकेत शरीराचा हा नकार रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. आज निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपुढे जातात. काहींनी त्याच हृदयावर तीस वर्षं काढली आहेत.

‘पन्नाशी उलटल्यावर कोण हृदय देणार?’ हेही जुनंच. एकेकाळी तशी अट होती खरी. आता प्रकृती बघून सत्तरीपर्यंतच्या रुग्णांचाही विचार होतो.

आणि हे रुग्ण म्हणजे सगळे हार्ट अटॅकवाले, असंही नाही. आज सर्वांत मोठा गट हृदयाचा स्नायूच दुबळा झालेल्यांचा आहे. त्यांच्यासोबत पूर्वी कधी न दिसलेली मंडळी येतात : जन्मतःच हृदयात दोष असलेली, लहानपणी शस्त्रक्रियेने वाचलेली, आता तिशी-चाळिशीत पोचलेली माणसं. आधी ती प्रतीक्षायादीपर्यंत जगतच नसत. काहीजण छातीत पंप आणि खांद्याला बॅटरीची पिशवी लावून हिंडत-फिरत हृदयाची वाट बघतात. ही सोय सर्जनला मात्र महागात पडते, कारण एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडायची म्हणजे चिकटलेल्या ऊती सोडवत जायचं.

दात्याचा स्वभावही हृदयासोबत येतो, ही सिनेमातली गंमत. उलट, काढताना हृदयाच्या नसाच तुटतात. त्यामुळे विश्रांतीतही ठोके जलद पडतात आणि जिना चढायला लागलं की वेग वाढायला काही मिनिटं लागतात. रक्तवाहिनी अरुंद झाली तरी अनेकांना छातीत कळ येत नाही. म्हणून ठणठणीत वाटणाऱ्यालाही ठरावीक काळाने अँजिओग्राफीला बोलावतात.