सैल सांध्यांचा खांदा आणि टेप

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात जेमतेम टेकतो. त्याला जागेवर धरतात ते भोवतालचे अस्थिबंध आणि स्नायू. ज्यांचे अस्थिबंध जन्मतःच सैल, त्यांच्या स्नायूंना हे काम दिवसभर ओढावे लागते. मग फळीवरचा डबा काढताना खांदा सटकल्यासारखा वाटतो, संध्याकाळी मान आखडते. सांध्यांच्या सैलपणाला 9 पैकी गुण देणाऱ्या बायटन चाचणीत करंगळ्या, अंगठे, कोपर, गुडघे आणि पाठीचा कणा येतात, खांदा येतच नाही. तो वेगळा तपासून घ्यायलाच हवा.

अशा खांद्याला आधार म्हणून त्वचेवर टेप लावतात. ती हाडाला बांधून ठेवते, हा गैरसमज आहे. त्वचेवरच्या हलक्या ताणामुळे खांद्याच्या स्थितीकडे लक्ष राहते, असे मानले जाते. सैल सांधे असलेल्यांत सांध्याच्या स्थितीची जाणीव अनेकदा मंद असते. ताणली जाणारी रंगीत टेप जपानच्या केंझो कासे यांनी 1970च्या दशकात विकसित केली. टेपमुळे काहींची वेदना थोडी आणि तात्पुरती कमी होते. तेवढ्या सवडीत फिजिओथेरपिस्टकडून खांद्याच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत, कारण टिकाऊ आधार स्नायूंचाच.

त्वचेची मात्र मनापासून काळजी घ्या. सांधे सैल करणाऱ्या एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम या जन्मजात विकारात ती सहज फाटू शकते. आधी छोटा तुकडा लावून दिवसभर पाहावे. टेप काढताना हिसका देऊ नये. तेल चोळून, त्वचा दाबून धरत सावकाश सोडवावी. खाज किंवा फोड आला तर लगेच काढावी. हात बधिर झाला किंवा खांदा निखळला, तर थेट डॉक्टरांकडे जावे.