अखत्याराची परीक्षा

संगणकाच्या कारभारात सर्वांना सर्व कामांची मुभा नसते. यंत्रणेच्या मूळ फायली बदलणे, सर्व वापरकर्त्यांसाठी नवे सॉफ्टवेअर बसवणे, दुसऱ्याच्या दस्तऐवजांत फेरफार करणे ही प्रशासकाच्या अखत्यारातील कामे होत. म्हणून ती अंगावर घेणाऱ्या प्रोग्रामला, आपल्यापाशी तो अधिकार आहे की नाही, हे आरंभीच जाणून घ्यावे लागते. प्रश्न एकच असला, तरी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम त्याचे उत्तर आपापल्या तत्त्वानुसार देते.

युनिक्समध्ये, आणि तिच्याच वळणावर वाढलेल्या लिनक्स व मॅकओएसमध्ये, प्रत्येक वापरकर्त्यास क्रमांक असतो व शून्य क्रमांकाचा 'रूट' हा सर्वाधिकारी मानला जातो. परंतु प्रोग्राम कोणी सुरू केला हे सांगणारा खरा क्रमांक आणि तो कोणाच्या अधिकाराने चालतो हे सांगणारा प्रभावी क्रमांक नेहमी एकच असतील असे नाही. कारण डेनिस रिची यांनी योजलेली आणि १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली 'सेटयूआयडी' ही सोय, स्वतःचा पासवर्ड बदलण्यासारख्या नेमक्या कामापुरती, सामान्य माणसाला रूटची मुखत्यारी देते. म्हणून तपासावयाचा तो प्रभावी क्रमांक.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीच्या परंपरेत शून्य क्रमांकाला असा काही अर्थच नाही. तेथे प्रत्येक प्रोग्रामजवळ 'टोकन' नावाची सनद असते आणि तीत तो कोणकोणत्या गटांचा सदस्य आहे याची नोंद असते. प्रशासकांच्या गटाचे नाव जर्मन किंवा फ्रेंच विंडोजमध्ये बदलते, म्हणून नावावर विसंबून न राहता 'एस-१-५-३२-५४४' ही त्याची स्थिर ओळखच पाहावी लागते. त्यातही, २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, प्रशासकाचे प्रोग्रामसुद्धा एरवी कमी अधिकारांच्या सनदेवरच चालतात, आणि पूर्ण सनद त्याने स्पष्ट संमती दिल्यावरच हाती येते. तेव्हा गटाचे सदस्यत्व म्हणजे चालू अधिकार नव्हे.

शिवाय सर्वाधिकारही आता निरपवाद राहिलेला नाही. २०१५ च्या मॅकओएसपासून यंत्रणेच्या काही मूळ फायलींना रूटलाही हात लावता येत नाही, लिनक्सने रूटच्या सत्तेचे स्वतंत्र तुकडे पाडले आहेत, आणि 'कंटेनर' म्हणजे प्रोग्रामसाठी आखलेल्या वेगळ्या आवारातील शून्य क्रमांकाची सत्ता बहुधा त्या आवाराच्या सीमेतच चालते.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. सर्व यंत्रणांवर सारखीच लागू पडणारी परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष काम करून पाहणे. कारण आधी तपासणी केली, तरी तपासणी आणि कृती यांच्या दरम्यान परिस्थिती पालटू शकते, आणि अंतिम निर्णय यंत्रणाच देते. तरीही सॉफ्टवेअर बसवताना अर्ध्यावर अडकू नये म्हणून पूर्वतपासणी अवश्य करावी, तिची प्रत्येक यंत्रणेसाठीची रीत प्रोग्रामच्या एकाच भागात ठेवावी, आणि नकार मिळाल्यास कोणत्या कामाला कोणती परवानगी कमी पडली हे वापरकर्त्याला स्वच्छ शब्दांत सांगावे. ज्या कामाला प्रशासकाचा अधिकार लागतच नाही, त्यासाठी तो मागू नये. कारण वारंवार विचारणा झाली की माणूस न वाचताच संमती देऊ लागतो, आणि मग संमतीने साधावयाचे संरक्षणच उरत नाही.