गावच्या नोंदवहीत जगाचा प्रश्न

शाळेत प्रकल्पांचे दिवस आले की ‘जागतिक समस्या’ या मथळ्याचे तक्ते भिंतींवर लागतात. दारिद्र्य, निरक्षरता, स्त्री-पुरुष विषमता, प्रदूषण. खाली एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे बोधचिन्ह आणि कुठून तरी उतरवून घेतलेला एक मोठा आकडा. तो आकडा कोणी मोजला, कसा मोजला, आणि समाज बदलू पाहणाऱ्या संस्थांनी तो हाती आल्यावर काय केले, हे मात्र तक्त्यावर नसते. या लेखात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे, मुलींच्या घटत्या संख्येचा. तो चीनचा, कोरियाचा, हरियाणाचा आहे, तसाच कोल्हापूर जिल्ह्याचाही आहे. करवीर तालुक्यातल्या गडमुडशिंगीसारख्या गावात त्याच्या नोंदी शिक्षकांच्या अगदी हाताशी असतात. पण त्या जपून वाचाव्या लागतात.

आधी माप समजून घेऊ. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात: १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे. आपल्याकडे हजार मुलग्यांमागे मुली किती, असे मोजण्याची रीत आहे. त्या मापात हेच प्रमाण सुमारे ९५२ भरते. परदेशी लेखनात माप बहुधा उलटे असते. तिथे आकडा वाढला की परिस्थिती बिघडली असे समजायचे. आपल्याकडे आकडा घटला की बिघडली. विद्यार्थी येथे हमखास गल्लत करतात.

जनगणनेत ० ते ६ या वयोगटातील मुलींचे प्रमाण कोल्हापूर जिल्ह्यात १९९१ साली ९३१ होते. २००१ साली ते ८३९ वर आले आणि २०११ साली ८६३ झाले. याच काळात महाराष्ट्राचे प्रमाण ९४६, ९१३ आणि ८९४ असे उतरत गेले. (२०११ चा राज्याचा आकडा काही ठिकाणी ८८३ असाही दिसेल. तो तात्पुरता होता, ८९४ हा अंतिम. दोघांनी दोन आकडे आणले म्हणजे एक खोटा असतोच असे नाही.) जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ३८,७६,००१ होती. दहात एक मूल सहा वर्षांपर्यंतचे धरले तर अशी मुले चार लाखांच्या घरात येतात. प्रमाण ९५२ ऐवजी ८६३ असणे म्हणजे या एका वयोगटात सुमारे १९ हजार मुली कमी असणे. हा हिशेब फळ्यावर पाच मिनिटांत होतो, आणि तो विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.

आता हा जिल्हा काही मागासलेला नाही. उसाचे पाणी, दुधाचा पैसा, आणि १९१७ साली शाहू महाराजांनी लागू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण ही त्याची ओळख. तेव्हा ‘अज्ञान आणि गरिबी’ हे तक्त्यावरचे ठरीव कारण येथे लागू पडत नाही. दोनच मुले हवीत, त्यांत एक मुलगा हवाच, आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी आले आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रमाण कोसळते. याची खूण आकड्यांत स्पष्ट दिसते. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्याचे प्रमाण १९९० मधील ९०६ वरून २००५ मध्ये ८३६ वर आले होते. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी घट नव्हती. निसर्गाला पहिले मूल कोणते हे पाहून वागण्याचे कारण नाही. माणसाला आहे.

दहा कोटी की सहा कोटी?

प्रश्नाला जागतिक रूप मिळाले ते १९९० साली, अमर्त्य सेन यांच्या एका लेखाने. त्यांनी साधी तुलना केली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत गरिबी आहे, पण तिथे १०० पुरुषांमागे सुमारे १०२ स्त्रिया आहेत. तेच प्रमाण चीन, भारत व इतर आशियाई देशांत असते तर आणखी किती स्त्रिया हयात असत्या? उत्तर आले दहा कोटींहून अधिक. पुढच्याच वर्षी लोकसंख्याशास्त्रज्ञ ॲन्सली कोल यांनी वेगळी फूटपट्टी लावून सहा कोटी हा आकडा काढला. १९९४ साली श्टेफान क्लासेन यांचा हिशेब नऊ कोटींच्या जवळ गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने २०२० साली १४ कोटी २६ लाख हा आकडा दिला.

इतका फरक का? कारण ‘हरवलेली’ स्त्री कोणी मोजू शकत नाही. मोजता येते ती हयात स्त्री. उरलेले सारे ‘किती असायला हव्या होत्या’ या गृहीतावर उभे असते. जन्मवेळचे प्रमाण कोणते धरायचे, वेगवेगळ्या वयांतले मृत्युदर कोणते धरायचे, यावर कोट्यवधींचा फरक पडतो. तरीही कोणाच्याच हिशेबात उत्तर शून्य येत नाही, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

एकदा मात्र प्रश्नाच्या मुळालाच हात घातला गेला. २००५ साली अमेरिकेतील एमिली ऑस्टर या तरुण अर्थशास्त्रज्ञ बाईंनी असे मांडले की हेपटायटिस-बी या काविळीचा विषाणू बाळगणाऱ्या आईबापांना मुलगे जास्त होतात, आणि आशियातील स्त्रियांच्या तुटीचा बराच मोठा हिस्सा यानेच समजावून सांगता येतो. ही कल्पना खरी ठरली असती तर समाजावरचा आरोप पुष्कळसा उतरला असता. पण तैवानमधील लाखो प्रसूतींच्या नोंदी तपासल्यावर हा परिणाम अगदीच किरकोळ निघाला. मग ऑस्टर यांनी स्वतः सहकाऱ्यांबरोबर चीनमध्ये नव्याने अभ्यास केला आणि आपले स्पष्टीकरण टिकत नसल्याचे २००८ साली जाहीर केले. वैज्ञानिक पद्धत शिकवताना आपण गॅलिलिओपर्यंत मागे जातो. हे उदाहरण अलीकडचे आहे आणि वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या जवळचे आहे.

गावातला आकडा

आता गडमुडशिंगीत येऊ. समजा, एखाद्या वर्षी गावात २०० मुले जन्मली. (ही संख्या हिशेबापुरती धरली आहे.) कोणी काहीही ढवळाढवळ केली नाही तरी मुली नेमक्या ९७-९८ होणार नाहीत. नाणेफेकीसारखा हा प्रकार आहे. संभाव्यतेच्या नियमांनुसार वीसपैकी एकोणीस वर्षे मुलींची संख्या ८४ ते १११ यांच्या दरम्यान पडेल. म्हणजे हजारी प्रमाण केवळ योगायोगाने ७२४ पासून १२४७ पर्यंत कुठेही जाऊ शकते! एका वर्षी साडेसातशे आणि पुढच्या वर्षी अकराशे आले, तर पहिल्या वर्षी गाव पापी नव्हते आणि दुसऱ्या वर्षी पुण्यवान झाले नाही. ‘आमच्या मोहिमेमुळे एका वर्षात प्रमाण वाढले’ असे फलक गावोगाव लागतात, त्यांकडे या दृष्टीने पाहावे. दहा वर्षांच्या २००० जन्मांची बेरीज केली तर योगायोगाची मर्यादा ८७० ते १०४० इतकी आकसते. संपूर्ण जिल्ह्याच्या चार लाख मुलांसाठी ती जेमतेम सहा अंक इकडे किंवा तिकडे उरते. म्हणून जिल्ह्याचा ८३९ हा आकडा योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही.

दुसरी अडचण नोंदींची. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. गडमुडशिंगीला कोल्हापूर शहर जवळ. त्यामुळे शहरातल्या दवाखान्यात झालेल्या बाळंतपणाची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरी जाते. ग्रामपंचायतीचे जन्म रजिस्टर उघडून ‘गावात इतके जन्म झाले’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. त्यातच पहिलटकरीण माहेरी जाते: गावची सून दुसऱ्या गावी, गावची लेक गावात. अंगणवाडीताईंचे सर्वेक्षण रजिस्टर या कामाला जास्त उपयोगी, कारण ते घरोघर फिरून, राहणाऱ्या मुलांचे केलेले असते.

शाळेचे जनरल रजिस्टर तर फसवेच. मुलाला पैसे भरून इंग्रजी माध्यमात आणि त्याच्या बहिणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणारी घरे शिक्षकांच्या पाहण्यात असतील. अशा ठिकाणी पहिलीच्या वर्गात मुली जास्त दिसतात आणि गावात सारे आलबेल आहे असे वाटते. एका भेदभावाने दुसरा झाकला जातो. सगळ्या शाळांची पटसंख्या एकत्र केल्याशिवाय येथे काहीच निष्कर्ष काढू नये.

आणखी एक पथ्य. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन गर्भपाताविषयी प्रश्न विचारू नयेत, कोणाचे नाव वहीत लिहू नये. एकूण संख्या पुरेशी आहे.

संस्थांचे काम कसे पाहावे

१९८६ साली मुंबईत ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा ४२ जण गर्भलिंग ओळखण्यासाठी गर्भजल तपासणी करत असल्याचे आढळले. स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्ते यांच्या मंचाने हा प्रश्न तेव्हा लावून धरला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा; तो १९९६ पासून अमलात आला, पण कागदावरच राहिला. म्हणून २००० साली सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यातून यंत्रांची नोंदणी सुरू झाली आणि २००३ साली कायदा सुधारला गेला. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने तिसरीच वाट धरली: गरोदर कार्यकर्तीला गिऱ्हाईक म्हणून पाठवून डॉक्टरांना रंगेहाथ पकडायचे. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. कोणी मोजले, कोणी कोर्टात गेले, कोणी दारात उभे राहिले. एकाच मापाने तिघांना तोलता येत नाही.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात, २०१० च्या सुमारास, सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासणीची चित्रे साठवून ठेवणारे उपकरण जोडण्यात आले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले; मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ते फेटाळले. मग ८३९ चे ८६३ झाले ते या उपकरणामुळे का? तारखा पाहा. मार्च २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतची जी मुले मोजली गेली ती २००४ नंतर जन्मलेली. त्यांतली बहुतेक, उपकरण येण्यापूर्वीच पाळण्यात होती. उपकरण निरुपयोगी होते असे आम्ही म्हणत नाही. श्रेय द्यायला हा आकडा चालत नाही, इतकेच. शिवाय नोंद नसलेल्या यंत्राला उपकरण जोडणार कोण? २०१७ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळ येथे १९ भ्रूण पुरलेले सापडले, ते सगळ्या देखरेखीच्या बाहेरच घडले होते.

श्रेय कसे सिद्ध करावे याचा नमुना गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला, आणि ४७ गावांत प्रयोग न करता केवळ जन्म-मृत्यू मोजले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटले होते. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. ही ४७ गावे नसती तर रस्ते झाले, पाऊस चांगला झाला, अशी दहा कारणे पुढे आली असती. एखाद्या संस्थेच्या अहवालात विद्यार्थ्यांनी आधी हीच ‘दुसरी गावे’ शोधावीत. मग पैसा कुठून येतो ते पाहावे. नोंदणीकृत न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. न पटणारे आकडेही संस्था छापते का, हेही पाहावे.

शब्दांचेही परिणाम होतात. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतींवर इतका रंगवला गेला की गर्भपातच गुन्हा आहे असा समज पसरला. १९७१ पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो गर्भलिंग निवडण्याचा. या गोंधळात एखादी अडलेली बाई सरकारी दवाखाना टाळून भलत्याच हातात सापडते. प्रकल्पात ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरावा, असे आम्ही सुचवू.

प्रमाण कायम घसरतच राहते असेही नाही. दक्षिण कोरियात १९९० साली १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मत होते, म्हणजे आपल्या मापात ८५८. जवळजवळ आजच्या हिशेबातला कोल्हापूर जिल्हाच. २००७ च्या सुमारास ते प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. कायदा तिथेही होता. पण शहरांतली नोकरी, मुलींचे शिक्षण, म्हातारपणी मुलावर अवलंबून न राहणे, यांचा वाटा अभ्यासक मोठा मानतात. गर्भाचे लिंग सांगण्यावरची तिथली बंदी घटनात्मक न्यायालयाने २०२४ साली रद्द केली.

आपल्या जिल्ह्याचे पुढे काय झाले हे जनगणनेतून कळायला हवे होते. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता ती २०२७ साठी ठरली आहे. प्रगणकांत नेहमीप्रमाणे शिक्षक मोठ्या संख्येने असतील. या कामात दोन ठिकाणी चुका होतात. घरातले तान्हे मूल सांगायचे राहून जाते, म्हणून ‘आणखी कोणी लहान?’ असे मुद्दाम विचारावे लागते. आणि ‘सातवे चालू आहे’ या उत्तराचे सहा पूर्ण धरायचे की सात, यावर ते मूल ० ते ६ या गटात राहते किंवा बाहेर जाते. या चुका मुलगे आणि मुली यांच्या बाबतीत सारख्याच होतील, अशी खात्री देता येत नाही.