फळमाशी, हापूस आणि जिनिव्हाचे नियम

रोगकिडीचे कारण देऊन एखाद्या देशाने शेतमाल अडवला, तर ते कारण खरे की स्वतःचा बाजार राखण्यासाठी पुढे केलेले, हे जागतिक व्यापार संघटनेच्या ‘एसपीएस’ करारावर पारखले जाते. १९९५ पासून लागू असलेला हा करार प्रत्येक देशाला आपली पिके जपण्याचा हक्क देतो. मात्र बंधनाला शास्त्रीय आधार हवा आणि ते गरजेपुरतेच हवे. आपल्या उपायाने तेवढेच संरक्षण मिळते हे निर्यातदार देशाने सिद्ध केले, तर आयातदार देशाला तो उपाय मान्य करावा लागतो.

कोकणच्या हापूसला २०१४ मध्ये याच वाटेने जावे लागले. आदल्या वर्षी भारतातून युरोपीय संघात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांची आयात बंद केली. बंदीची मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत होती.

फळमाशीची मादी आंब्याची साल टोचून आत अंडी घालते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो. आत अळ्या गर पोखरतात. त्यामुळे नुसती नजरेची पाहणी पुरत नाही. उष्णजल प्रक्रियेत आंबे ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवतात. पाणी निवले तर अळी जगते, जास्त तापले तर फळ बिघडते. म्हणून तापमानाची नोंद सतत ठेवावी लागते. पुढे फळे थंड करून, सुकवून पेट्यांत भरतात आणि तपासणीनंतर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते.

सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय पथकाने भारतातील ही प्रमाणन व्यवस्था तपासली. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी मुदतीआधीच उठवण्यास मंजुरी मिळाली.

बोलणी फिसकटली तर तक्रार जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे जाते. तिथे आधी सल्लामसलत होते, साठ दिवसांत तोडगा न निघाल्यास तज्ज्ञ मंडळ मागता येते. हे नियम भारतालाही बांधतात: बर्ड फ्लूच्या कारणाने अमेरिकी कोंबडी उत्पादनांवर घातलेली भारताची बंदी अपील मंडळाने जून २०१५ मध्ये नियमबाह्य ठरवली. डिसेंबर २०१९ पासून मात्र हे अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प आहे. हरलेल्या देशाने अपील केले की निकाल लटकतो. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असलेल्या बागायतदाराला इतकी वाट पाहणे परवडत नाही. त्याच्यासाठी पॅकहाउसमधली चोख प्रक्रिया आणि तिच्या नोंदी हाच बाजार खुला ठेवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.