देव शब्दांत मावतो का? ख्रिस्ती मत आणि आपले गैरसमज

पेडणे-डिचोलीत भजनाला बसणाऱ्याला ‘नेति नेति’ समजावून सांगावं लागत नाही. ख्रिस्त्यांचा देव मात्र बायबलात आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात पुरता बसवलेला आहे, अशी त्याची समजूत असते.

चर्चचं अधिकृत म्हणणं नेमकं उलट आहे. निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, फरक त्याहून मोठाच उरतो, असं चौथ्या लॅटरन परिषदेनं 1215 सालीच ठरवलं. ‘अमृतानुभवा’तलं शब्दखंडन त्याच शतकातलं, हा योगायोगच.

मग देवाविषयी बोलणं फोल? तसंही नाही. थॉमस अक्वायनस (1225–1274) म्हणतो, देवाला ‘खडक’ म्हटलं तर ते रूपक. पण ‘चांगला’ हा शब्द त्याला खरोखर लागू पडतो, कारण माणसातला चांगुलपणा मुळात त्याच्याकडूनच आलेला. देवाच्या ठायी तो कसा असतो, हे मात्र आपल्या आकलनाबाहेरचं.

तिसरा गैरसमज जास्त चिवट: फादर थॉमस स्टीफन्सनं ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला वैकुंठ म्हटलं ते निव्वळ आमिष. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. 1616 साली रायतूरला छापलेलं त्याचं पुराण मराठी, लिपी रोमन, ओव्या सुमारे अकरा हजार. नवख्रिस्ती वाचकांना ओळखीच्या वळणाचं पुराण द्यायचं, हा हेतू त्यानं लपवलेला नाही. पण बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावं त्यानं परकीच ठेवली. कुठला शब्द उसना घ्यायचा आणि कुठला नाही, याचा विचार त्यामागे दिसतो. म्हणून ‘आमिष’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

हा विचार किती नाजूक, ते जपानात दिसलं होतं. ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे त्या झेवियरनं तिथे आधी देवाला ‘दाइनिची’ म्हटलं. ते तर बुद्धाचं नाव, हे कळल्यावर त्यानं लॅटिन ‘देउस’ धरला. विरोधकांनी त्याचं ‘दाइ उसो’, म्हणजे मोठं खोटं, करून टाकलं. देशी शब्द जुना अर्थ घेऊन येतो, परका शब्द चेष्टेला मोकळा राहतो.

‘हे सगळं जुन्या काबिजादीतलं, आमचा काय संबंध?’ असंही ऐकू येतं. स्टीफन्सच्या काळी डिचोली आदिलशाहीत होती, पोर्तुगीज तिथे अठराव्या शतकात आले, हे खरं. पण ओवी दोन्हीकडची एकच. शां. पं. बंडेलूंनी 1956 साली ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत आणलं, तेव्हापासून लिपीचीही अडचण उरलेली नाही.