व्हिडिओ खेळांच्या मालिकांतील पात्रनामांचे पाठभेद

१

कथेतील पात्राचे नाव हे त्याच्या ओळखीचे पहिले साधन होय. पात्राचे वय, वेष, स्वभाव ही सर्व बदलली तरी नाव टिकून राहील, असे वाचक गृहीत धरून चालतो. दशकानुदशके चालू राहिलेल्या व्हिडिओ खेळांच्या मालिकांत मात्र हे साधनच डळमळीत असल्याचे आढळते. एका व्यक्तीला दोन नावे, एका नावाच्या दोन व्यक्ती आणि क्वचित व्यक्तीच नसलेले नाव, असे तिन्ही प्रकार तेथे भेटतात. ह्या विसंगतींची वासलात ‘भाषांतरातील चुका’ एवढे म्हणून लावण्याची रीत पडून गेली आहे. ह्या विसंगती एकजिनसी नाहीत, त्यांच्या मागील कारणे परस्परांहून भिन्न आहेत, आणि कारण निश्चित करण्यापूर्वी ‘शुद्ध’ नाव ठरवू पाहिल्यास अभ्यासाचा पुरावाच पुसला जातो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी ह्या साहित्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. येथे विचारात घेतलेल्या सर्व मालिका जपानमध्ये निर्माण झाल्या व नंतर अमेरिका-युरोपात गेल्या. प्रत्येक खेळाची संहिता पडद्यावरील मजकूर, छापील माहितीपुस्तिका, वेष्टन आणि पुढील भाग अशा अनेक ठिकाणी विखुरलेली असते. ह्या साक्षींचे लेखक वेगवेगळे, त्यांच्या भाषा वेगवेगळ्या. अशा स्थितीत पाठभेद उत्पन्न होणे अपरिहार्यच होते.

२

पहिला प्रकार लिपीतून उद्भवणारा. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) ह्या खेळातील फुले विकणाऱ्या तरुणीचे नाव जपानी काताकाना लिपीत ‘एआरिसु’ असे लिहिले जाते. इंग्रजीतील ‘थ’सदृश घर्षक ध्वनी जपानीत नाही, परकीय शब्दांतील तो ध्वनी ‘स’च्या अक्षरांनीच दाखवावा लागतो. परिणामी काताकानातील ‘सु’ पाहून मूळ ध्वनी ‘स’ होता की ‘थ’, हे केवळ लिपीवरून सांगता येत नाही. इंग्रजी आवृत्तीने १९९७ मध्ये ‘एरिस’ हे रूप स्वीकारले. पुढे ‘किंग्डम हार्ट्स’ (२००२) ह्या खेळात तीच तरुणी ‘एरिथ’ म्हणून आली, आणि २०२० मध्ये निघालेल्या मूळ खेळाच्या नव्या अवतारातही ‘एरिथ’ हेच नाव कायम राहिले. जपानी वाचकाच्या दृष्टीने ह्या काळात काहीच बदलले नाही. विसंगती आहे ती केवळ रोमन लिपीच्या परंपरेत.

ह्याच्या शेजारी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ (१९८६, अमेरिकेत १९८७) ह्या मालिकेतील खलनायकाचे उदाहरण ठेवण्यासारखे आहे. पहिल्या खेळाच्या प्रारंभी पडद्यावर सरकणाऱ्या मजकुरात ‘गॅनन’ ह्या नावात रोमन ‘एन’ हे अक्षर मध्यभागी दोनदा येते. इंग्रजी माहितीपुस्तिकेत ते एकदाच आहे. येथे ध्वनीचा प्रश्नच नाही. एकाच वस्तूच्या दोन अंगांत ताळमेळ राहिला नाही, एवढेच. ह्याला मात्र खुशाल अनवधान म्हणावे. मराठी लेखकाने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. देवनागरीत लिहिताना ‘एरिस’ आणि ‘एरिथ’ हा भेद ठळकपणे उमटतो, तर ‘गॅनन’च्या दोन रूपांतील भेद पूर्णपणे लोपतो. लिप्यंतर हे स्वतःच एक संपादन आहे. ते काही पाठभेद राखते आणि काही नकळत गिळून टाकते.

३

दुसरा प्रकार विनिमयाचा. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) ह्या खेळात सापडते. खेळाच्या अखेरीस चार प्रबळ प्रतिस्पर्धी येतात. त्यांपैकी थायलंडच्या सागाटचे नाव सर्वत्र एकच आहे. उरलेल्या तिघांची स्थिती मात्र विलक्षण आहे. जपानी आवृत्तीत अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे नाव एम. बायसन, मुखवटा व लोखंडी पंजा धारण करणाऱ्या स्पॅनिश योद्ध्याचे नाव बॅलरॉग, आणि लाल गणवेषातील हुकूमशहाचे नाव वेगा असे आहे. परदेशी आवृत्तीत मुष्टियोद्धा बॅलरॉग झाला, स्पॅनिश योद्धा वेगा झाला आणि हुकूमशहा एम. बायसन झाला.

ह्या अदलाबदलीला भाषांतर म्हणता येणार नाही. तिचे कारण कायद्याच्या भीतीत आहे. जपानी नावातील ‘एम.’ हे आद्याक्षर ‘माइक’ ह्या नावाचे असून, त्या मुष्टियोद्ध्याचे रूप आणि नाव ही दोन्ही प्रसिद्ध मुष्टियोद्धा माइक टायसन ह्याची आठवण करून देणारी होती. अमेरिकेत ह्यावरून दावा उभा राहील, ह्या शंकेने नाव बदलावयाचे ठरले. ती शंका अनाठायी नव्हती. टायसनच्या नावाला बाजारात मोल होते. निन्टेन्डो कंपनीने १९८७ मध्ये त्याच्या नावाने मुष्टियुद्धाचा एक खेळ काढला होता, आणि परवान्याची मुदत सरल्यावर १९९० मध्ये तोच खेळ टायसनच्या जागी ‘मिस्टर ड्रीम’ हे कल्पित पात्र घालून पुन्हा विक्रीस आणला होता. कॅपकॉमने नवे नाव न शोधता हाताशी असलेली तीन नावेच फिरविली, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे.

ह्या फिरवाफिरवीची एक खूण मागे राहून गेली. हुकूमशहाच्या नावापुढील ‘एम.’ हे अक्षर मुष्टियोद्ध्याकडून त्याच्याकडे आले, पण त्याचा अर्थ मात्र मागेच राहिला. १९९४ च्या इंग्रजी चित्रपटात राउल जुलिया ह्या नटाने ही भूमिका केली तीही एम. बायसन ह्याच नावाने. पोथीतील एखादे निरर्थक अक्षर जसे जुन्या पाठाकडे बोट दाखविते, तसेच हे ‘एम.’ जपानी संहितेकडे बोट दाखवीत आहे. ते ‘शुद्ध’ करून काढून टाकले असते तर तो दुवाही गेला असता.

ह्या घोटाळ्यातून वाट काढली ती खेळणाऱ्यांनी. निरनिराळ्या देशांतील खेळाडू एकत्र येऊ लागले, तेव्हा ‘वेगा’ म्हणजे कोण, हे कळेना. म्हणून त्यांनी नावे बाजूस ठेवून ‘बॉक्सर’, ‘क्लॉ’ आणि ‘डिक्टेटर’ असे म्हणण्याचा प्रघात पाडला. म्हणजे मुष्टियोद्धा, पंजावाला आणि हुकूमशहा. विशेषनाम निकामी झाल्यावर वर्णनाने त्याचे काम करावे, हा भाषेचा जुनाच मार्ग येथे पुन्हा चोखाळला गेला.

४

ह्याच खेळात तिसरा प्रकारही आढळतो. त्याला ‘भूतनाम’ म्हणावे असे वाटते. र्‍यू ह्या नायकाच्या विजयानंतर पडद्यावर येणाऱ्या जपानी वाक्याचा आशय असा की, जो शोर्‍यूकेनला तोंड देऊ शकत नाही त्याला विजयाची आशा नाही. ‘शोर्‍यूकेन’ हे एका प्रहाराचे नाव आहे. वर झेपावणाऱ्या ड्रॅगनचा ठोसा, असा त्याचा अर्थ. भाषांतरकाराने त्यातील पहिल्या दोन चित्राक्षरांचे चिनी पद्धतीने वाचन केले, ते ‘शेंग लाँग’ असे झाले. आणि इंग्रजी वाक्यात ते एखाद्या माणसाचे नाव असावे अशा रीतीने बसले. प्रहाराचा माणूस झाला!

पुढील घटनाक्रम अधिक उद्बोधक आहे. १९९२ च्या घरगुती आवृत्तीच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेने शेंग लाँग हा र्‍यू व केन ह्यांचा गुरू असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ ह्या अमेरिकन मासिकाने, अमुक अटी पाळल्यास हा गुप्त गुरू प्रकट होतो, अशी एप्रिलफूलची थट्टा छापली. ती अनेकांना खरी वाटली. पुढे मालिकेत गुरूचे नाव गोकेन असे स्थिर झाले आणि ‘स्ट्रीट फायटर ४’च्या घरगुती आवृत्तीत (२००९) तो प्रत्यक्ष खेळावयास मिळाला. तरीही शेंग लाँगची कथा विसरली गेलेली नाही. चुकीच्या वाचनाने नाव दिले आणि नावाने माणूस मागितला, असा हा क्रम आहे.

५

चौथा प्रकार समन्वयाचा. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) मधील दुष्ट शास्त्रज्ञ जपानमध्ये डॉक्टर एगमन होता, तर अमेरिकेत तोच डॉक्टर रोबोटनिक झाला. काही वर्षे ही दोन नावे दोन खंडांत स्वतंत्रपणे नांदली. ‘सॉनिक अॅडव्हेंचर’ (१९९८) च्या इंग्रजी संहितेत दोन्ही एकत्र आली: शास्त्रज्ञ स्वतःला रोबोटनिक म्हणवितो आणि सॉनिक त्याला एगमन म्हणून खिजवितो. दोन बाजारपेठांतील भेद अशा प्रकारे खरे नाव आणि टोपणनाव ह्यांच्यातील भेद बनला. ‘सॉनिक अॅडव्हेंचर २’ (२००१) मध्ये त्याच्या आजोबांचे नाव जेराल्ड रोबोटनिक असे आले, तेही जपानी संहितेसह. म्हणजे अमेरिकेत घातलेले नाव कुलनाम होऊन मूळ भाषेत परतले. समासातील टीप पुढील नकलेत मूळ मजकुरात शिरते, त्याच जातीची ही घटना आहे. फरक एवढाच की, येथे हे कथाकारांनी जाणीवपूर्वक घडवून आणले.

६

आता पद्धतीचा प्रश्न. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठाखाली इतर हस्तलिखितांतील पाठभेदही नोंदविले. ती शिस्त येथेही उपयोगी आहे. मात्र एक मूलभूत अंतर विसरता कामा नये. हस्तलिखितांच्या परंपरेत उपलब्ध प्रतींच्या मागे एक अधिक जुना पाठ होता, असे गृहीत धरून संपादक त्याच्या शोधात निघतो. येथे एकाच मालकाने दोन पाठ स्वतःच प्रसिद्ध केलेले असतात, आणि दोन्ही अधिकृत असतात. हुकूमशहाचे ‘खरे’ नाव वेगा की बायसन, ह्या प्रश्नाला म्हणून उत्तर नाही. कोणत्या भाषेच्या, कोणत्या वर्षीच्या, कोणत्या प्रदेशासाठी काढलेल्या आवृत्तीत कोणते नाव आहे, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ह्यातून अभ्यासकाने पाळावयाचे तीन दंडक निष्पन्न होतात. पहिला असा की, नाव उद्धृत करताना आवृत्ती, वर्ष आणि भाषा ह्यांचा निर्देश केल्यावाचून राहू नये. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘वेगा’विषयीचे जपानी लेखन इंग्रजी आवृत्तीच्या आधारे वाचले, तर हुकूमशहाविषयीची सर्व विधाने तो स्पॅनिश योद्ध्याच्या माथी मारील, आणि प्रबंधातील वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. दुसरा दंडक असा की, व्यक्ती ओळखण्यासाठी नावाहून स्थिर असे वर्णन जोडावे. तिसरा असा की, नंतरचे रूप अधिक प्रचलित झाले म्हणून ते मागील आवृत्तीवर लादू नये. १९९७ च्या इंग्रजी खेळाविषयी लिहिताना ‘एरिस’ असेच लिहिले पाहिजे.

हा तिसरा दंडक आज विशेष निकडीचा झाला आहे. छापील ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत ग्रंथालयात राहते. खेळांच्या बाबतीत दुरुस्ती आता संगणकजाळ्यावरून थेट खेळणाऱ्याच्या यंत्रावर पोहोचते आणि जुन्या मजकुराच्या जागीच नवा मजकूर येऊन बसतो. ‘झेल्डा’च्या पहिल्या खेळाचा प्रारंभीचा मजकूर पुढील काही पुनःप्रकाशनांत नव्याने लिहिला गेला व त्यात खलनायकाच्या नावातील जादा अक्षर गेले, मूळ रूप पाहावयाचे तर जुनीच प्रत हाती घ्यावी लागते. जेथे जुनी प्रत अशी सुटी उरत नाही, तेथे तो पर्यायही राहत नाही. म्हणून माहितीपुस्तिका, वेष्टने आणि निरनिराळ्या प्रदेशांतील जुन्या आवृत्त्या जतन करणे व त्यांतील नावे जशीच्या तशी उतरवून ठेवणे, हे ह्या विषयातील पहिले काम आहे. अर्थनिर्णय त्यानंतर करता येईल.